मारामारी पाहण्यात आनंद कसला?



आजच्या व्याख्यानाचा विषय कळल्यावर माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "तीस वर्षं कांट शिकवलात, आणि आता हे कुंगफू काय काढलंत?" मी म्हटलं, "कांट शिकवत होतो तेव्हाही कुंगफू बघतच होतो. सांगत नव्हतो, इतकंच." तेव्हा आजचं बोलणं थोडं कबुलीजबाबासारखं होणार आहे. शेवटी एक खरी कबुलीही द्यायची आहे, पण तिच्याकडे सावकाश येऊ.

'एंटर द ड्रॅगन' १९७३चा. आपल्याकडे पोचायला त्याला थोडा वेळ लागला. मी तेव्हा एम. ए. करत होतो. पुण्यात कॅम्पातल्या एका थिएटरात अगदी पुढच्या, स्वस्तातल्या रांगेत बसून मान वर करून तो पाहिला. खेळ सुटला तेव्हा रस्त्यावरून चालणारी निम्मी पोरं हवेत हात मारत होती. माझे हात खिशात होते, पण खिशातल्या खिशात मुठी वळलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तर्कशास्त्राचा तास. तिथे मी अर्थातच काही बोललो नाही. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला असलं काही आवडावं, याची लाज वाटत होती. ब्रूस ली स्वतः सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात असताना तत्त्वज्ञानाचे वर्ग करत होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा कुठे लाज जरा कमी झाली.

तर प्रश्न असा. एक माणूस दुसऱ्या माणसाला मारतो आहे, हे दृश्य आपल्याला आनंद का देतं? तुम्ही आम्ही सगळी साधी माणसं. कुणी कुणाच्या कानफटात मारली तर आपल्या पोटात गोळा येतो. आणि तीच आपण चित्रपटात दहा-दहा मिनिटं चाललेली मारामारी डोळे मोठे करून बघतो, संपली की हळहळतो. हे काय आहे?

याचं एक तयार उत्तर आहे, आणि ते फार जुनं आहे: माणसाच्या आत हिंसा असते आणि तिला खाद्य लागतं. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये लिऑन्टियस नावाच्या माणसाची गोष्ट येते. पिरेअस बंदराकडून अथेन्सला येताना त्याला तटाच्या बाहेर, फाशी देणाऱ्याजवळ पडलेली प्रेतं दिसतात. बघावंसंही वाटतं आणि किळसही येते. तो तोंड झाकून घेतो, स्वतःशी झगडतो आणि शेवटी हरतो. धावत जातो, डोळे ताणून बघतो आणि स्वतःच्याच डोळ्यांना शिव्या घालतो. दुसरी गोष्ट संत ऑगस्टीनच्या 'कन्फेशन्स'मधली. त्याचा मित्र अलिपियस रोममध्ये शिकायला जातो. मित्र त्याला ओढून ग्लॅडिएटरांचे खेळ बघायला नेतात. तो म्हणतो, मी येतो, पण डोळे मिटून बसेन. बसतोही. पण एका क्षणी गर्दीतून प्रचंड आरोळी उठते, त्याला राहवत नाही, तो डोळे उघडतो आणि त्या रक्ताची त्याला नशा चढते. पुढे तोच इतरांना तिथे घेऊन जाऊ लागतो.

या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणजे माणसाबद्दल खऱ्या आहेत. अपघात झाला की बघ्यांची गर्दी होते. मोबाइलवर कुणाला तरी झुंडीने मारतानाचा व्हिडिओ येतो, आणि तो बघू नये असं ठरवूनही बोट तिकडे जातं. लिऑन्टियस आपल्या सगळ्यांत आहे. मी त्याला नाकारत नाही.

पण माझा मुद्दा असा आहे की कुंगफूच्या चित्रपटातला आनंद या एकट्या लिऑन्टियसचा नाही. तो असता तर एक साधी गोष्ट घडायला हवी होती: जितकी जास्त इजा, तितका जास्त आनंद. आणि इजा करायचं सगळ्यांत सोपं साधन म्हणजे बंदूक. पण हे चित्रपट बंदुकीला किती कष्टाने बाहेर ठेवतात बघा! 'एंटर द ड्रॅगन'मधला खलनायक हान आपल्या बेटावर बंदुका येऊ देत नाही. कथेच्या दृष्टीने त्याला एक कारण जोडलेलं आहे, पण खरं कारण तुम्हाला मला माहीत आहे: बंदूक आली की मारामारी होणारच नाही. इंडोनेशियातला 'द रेड' हा २०११चा चित्रपट घ्या. अतिशय रक्तरंजित, मला तो पुरा बघवला नाही हेही सांगतो. पण त्यातसुद्धा मॅड डॉग नावाचा खलनायक, हातात पिस्तूल आहे, समोरचा पोलीस त्याच्या टप्प्यात आहे, आणि तो पिस्तूल बाजूला ठेवून देतो. हाताने लढू म्हणतो.

आणि ब्रूस लीचाच 'फिस्ट ऑफ फ्युरी' आठवा, १९७२चा. शेवटी नायक बाहेर पडतो, समोर बंदुका रोखलेल्या आहेत. तो त्यांच्या दिशेने हवेत झेप घेतो, आणि चित्र तिथेच गोठतं. गोळ्यांचे आवाज येतात, नायक मात्र हवेतच राहतो. हा नुसता शैलीचा भाग म्हणून सोडून देऊ नका. दीड-पावणेदोन तास हा माणूस प्रत्येक वाराला उत्तर देत आलाय. बंदुकीच्या वाराला उत्तर नाही. उत्तर नाही म्हणून चित्रपटाला पुढे दाखवण्यासारखं काही उरत नाही.

हा 'उत्तर' शब्द धरून ठेवा. आजचं सगळं बोलणं त्याच्याभोवती आहे.

आपल्याकडे कुस्तीच्या भाषेत डाव असतो आणि डावाला तोड असते. प्रत्येक डावाची तोड जाणणारा तो वस्ताद. कुस्ती बघायला जमलेला जाणकार माणूस काय बघतो? कोण पडलं हे तो शेवटी बघतो. आधी तो बघतो की याने पट काढायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याने काय केलं. डाव, तोड, तोडीवर पुन्हा डाव. ही उत्तर-प्रत्युत्तराची साखळी आहे. आणि अशी साखळी आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना दुसऱ्या एका ठिकाणी भेटते, ते म्हणजे वादात.

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत: वाद, जल्प आणि वितंडा. वाद म्हणजे सत्य शोधण्यासाठी केलेली चर्चा. तिच्यात दोन पक्ष असतात, दोघेही प्रमाण आणि तर्क घेऊन उभे राहतात, आणि मुख्य म्हणजे एक दुसऱ्याचं ऐकतो. ऐकल्याशिवाय खंडन करताच येत नाही. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली चर्चा. इथे छळ चालतो, म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम वेगळा अर्थ काढणं वगैरे. आणि वितंडा म्हणजे स्वतःचा काहीच पक्ष न मांडता फक्त समोरच्याला उडवून लावणं. आपल्या रोजच्या मराठीत 'वितंडवाद' हा शब्द तिथूनच आलाय, आणि रोज रात्री टीव्हीवर तो आपण ऐकतोच.

माझं म्हणणं असं आहे: चांगल्या मार्शल आर्ट्स चित्रपटातली मारामारी म्हणजे देहाने केलेला वाद आहे. तिथे आपल्याला आवडतं ते हे, की दोन माणसं एकमेकांकडे पूर्ण लक्ष देत आहेत आणि त्यांचं विचार करणं आपल्याला डोळ्यांनी दिसतं आहे. एरवी विचार दिसत नाही. मी इथे उभा राहून विचार करतो तेव्हा तुम्हाला फक्त एक म्हातारा छताकडे बघताना दिसतो. मारामारीत मात्र पूर्वपक्ष दिसतो, उत्तरपक्ष दिसतो, चूक कुठे झाली तेही दिसतं.

आता उदाहरण घेऊ. ब्रूस लीने स्वतः लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला चित्रपट 'वे ऑफ द ड्रॅगन', १९७२. शेवटचा सामना रोमच्या कलोझियममध्ये, चक नॉरिसबरोबर. बघा, जागासुद्धा कुठली निवडली! जिथे अलिपियसला रक्ताची नशा चढली त्या रोममध्येच. पण इथे आरोळ्या ठोकणारी गर्दी नाही. प्रेक्षक कोण, तर एक मांजराचं पिल्लू. दोघे सामन्याआधी शांतपणे अंग मोकळं करतात. कुणी कुणावर पाठीमागून हल्ला करत नाही. सामना सुरू होतो आणि पहिल्यांदा ब्रूस ली मार खातो. चांगला मार खातो. त्याची पद्धत चालत नाही. मग तो एक क्षण थांबतो आणि पद्धतच बदलतो. पाय नाचते ठेवतो, लय बदलतो, आणि आता नॉरिसला तो कळेनासा होतो. तर्कशास्त्राच्या वर्गात मी हेच शिकवत होतो: तुमचा युक्तिवाद पडला, तर तोच आणखी मोठ्या आवाजात सांगू नका. मागे या आणि गृहीतक तपासा.

पुढे नॉरिसचा हात मोडतो, पाय मोडतो. तरी तो उठतो. आणि ब्रूस ली मान हलवतो, किंचित. नको, म्हणून. त्या एका हालचालीत पूर्ण माणूस दिसतो. नॉरिस ऐकत नाही, शेवटचा हल्ला करतो आणि मरतो. त्यानंतर ब्रूस ली त्याचा कराटेचा अंगरखा आणि काळा पट्टा आणून त्याच्या देहावर ठेवतो आणि क्षणभर गुडघा टेकून बसतो. जिंकल्याचा जल्लोष नाही. ज्याने आपल्याला आपली पद्धत बदलायला लावली, त्याच्याबद्दलचा हा आदर आहे. असा प्रतिवादी गेला की वाईटच वाटतं, हे कुठल्याही प्रामाणिक अभ्यासकाला कळेल.

आता तुम्ही म्हणाल, सर, हे सगळं तुम्ही त्यात घालताय, पोरं तर नुसती 'ढिशुम ढिशुम' बघायला जातात. मग आपण जरा यंत्र उघडून बघू, की हे दृश्य बनतं कसं.

हाँगकाँगच्या या चित्रपटांचं मूळ पुष्कळसं चिनी संगीत-नाट्यात आहे, ज्याला आपण पेकिंग ऑपेरा म्हणतो त्यात. जॅकी चॅन लहानपणापासून सुमारे दहा वर्षं हाँगकाँगमधल्या अशाच एका नाट्यशाळेत घडला. सॅमो हुंग आणि युएन बियाओ हे त्याचे तिथलेच सोबती. ब्रूस लीचे वडील कँटनी संगीत-नाट्यातले नट होते, आणि तो स्वतः १९५८ साली हाँगकाँगचा चा-चा-चा नृत्याचा विजेता होता. म्हणजे ही सगळी तालात वाढलेली माणसं. अमेरिकी चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बोर्डवेल यांनी हाँगकाँगच्या मारामारीचा एक साचा दाखवून दिलाय: विराम, मग हालचालींचा झपाटा, मग पुन्हा विराम. आपल्याला हे समजायला अवघड नाही. तबलजी तुकडा वाजवतो आणि समेवर येतो, तेव्हा आपली मान आपोआप डोलते. मारामारीतला तो विराम म्हणजे सम. तिथे दोघे क्षणभर स्थिर होतात आणि प्रेक्षकाला आतापर्यंतचा हिशोब करायला वेळ मिळतो. कोण कुठे उभा आहे, कुणाचं काय चुकलं, आता काय होईल.

पेकिंग ऑपेरात 'सान चा कौ', म्हणजे तिठा, नावाचं एक प्रसिद्ध नाट्य आहे. सराईतल्या एका खोलीत मिट्ट काळोखात दोन माणसं गैरसमजातून एकमेकांशी लढतात. पण रंगमंचावर लख्ख प्रकाश असतो. नटांना काही दिसत नाही, असं आपण समजायचं. तलवार नाकासमोरून जाते आणि त्याला पत्ताच नसतो. प्रेक्षकाला सगळं दिसतं. मारामारी बघण्यातलं सुख काय असतं, हे या प्रयोगाने फार नेमकं पकडलंय: पात्रांपेक्षा आपल्याला जास्त स्पष्ट दिसणं.

आपल्या परंपरेनेही या गोष्टीचा विचार केलेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात रंगमंचावर शस्त्रं कशी चालवायची, कुठल्या चालीने, याचं सविस्तर वर्णन आहे. आणि तिथेच बजावलंय की प्रत्यक्ष भोसकायचं नाही, कापायचं नाही, रक्त काढायचं नाही. प्रहार फक्त खुणेने दाखवायचा. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या नाट्यगुरूला नीट ठाऊक होतं की युद्ध बघण्यातला रस रक्तात नाही, चालीत आहे.

त्याच ग्रंथात आणखी एक सूक्ष्म भेद आहे. वीररसाचा स्थायीभाव क्रोध नाही. क्रोध रौद्राचा. वीराचा स्थायीभाव उत्साह. आणि अद्भुताचा विस्मय. आता तुमचे आवडते प्रसंग या तीन खणांत टाकून बघा. 'फिस्ट ऑफ फ्युरी'मध्ये गुरूच्या मृत्यूचा सूड आहे, तिथे रौद्र पुष्कळ आहे. कलोझियममध्ये वीर आहे. जॅकी चॅन शिडी, खुर्ची, हाताला लागेल ती वस्तू घेऊन लढतो, १९८५च्या 'पोलीस स्टोरी'त दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून घसरत काचांवर येऊन पडतो, तिथे अद्भुत आहे आणि त्यात हास्य मिसळलेलं आहे. त्याच्या चित्रपटांच्या शेवटी फसलेली दृश्यं दाखवतात: तो पडतो, कळवळतो, हसतो, पुन्हा उठतो. याला मारामारीचं आकर्षण म्हणायचं की कसबाचं? मला तर वाटतं आपण तिथे एका कारागिराला काम करताना बघतो.

कारागिरावरून आठवलं. चिनी तत्त्वज्ञानातल्या 'च्वांग त्सु' या ग्रंथात एका खाटकाची गोष्ट आहे, डिंग नावाच्या. तो राजासमोर बैल कापतो आणि राजा त्याच्या हालचालींतली लय बघून थक्क होतो. डिंग सांगतो की साधा खाटीक महिन्याला सुरी बदलतो, चांगला वर्षाला. माझी सुरी १९ वर्षांची आहे आणि आजही नुकतीच परजल्यासारखी आहे. कारण मी हाडावर घाव घालत नाही, सांध्यातल्या मोकळ्या जागेतून सुरी नेतो. आणि अवघड सांधा आला की मी सावध होतो, हात मंद करतो. बघा, तोच विराम! जिथे सगळ्यांत कठीण आहे तिथे कसबी माणूस थांबतो.

इंग्लिश तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली एक भेद मांडला: अमुक आहे हे माहीत असणं वेगळं, आणि अमुक कसं करायचं ते येणं वेगळं. करता येणं म्हणजे आधी डोक्यात नियम म्हणायचा आणि मग हात हलवायचा, असं नसतं. हुशारी त्या करण्यातच असते. आम्ही हे वर्गात शिकवायचो तेव्हा मुलं जांभया द्यायची. आज शिकवायचं झालं तर मी 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' दाखवीन, लाउ कार-लेउंग यांचा १९७८चा. त्यात नायक शाओलिनच्या मठात येतो आणि चित्रपटाचा मोठा भाग तो नुसता शिकत असतो. पाण्याच्या बादल्या हात लांब करून वाहून न्यायच्या, आणि दंडाला सुऱ्या बांधलेल्या. हात खाली आला की सुरी बरगडीत टोचते. पुढे तो एका भिक्षूशी लढतो आणि हरतो. पुन्हा लढतो, पुन्हा हरतो. मग विचार करतो आणि तीन तुकड्यांची साखळीने जोडलेली काठी स्वतः शोधून काढतो, तेव्हा कुठे जिंकतो. ही हार-विचार-शोध अशी पायरी चित्रपटात पुरेपूर वेळ घेऊन दाखवली आहे, आणि लोकांनी ती आवडीने बघितली. निव्वळ हिंसेची भूक असती तर पाण्याच्या बादल्या कुणी बघितल्या असत्या?

आता जल्प. आंग ली यांचा 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन', २०००चा. दोन स्त्रियांची लढत. तरुण जेनच्या हातात ती सगळं कापून टाकणारी तलवार, आणि अनुभवी शू लिएन एकामागून एक शस्त्रं उचलते, ती तुटत जातात, ती दुसरं घेते. एक अवजड शस्त्र तर तिला पेलतच नाही. शेवटी शू लिएन तुटक्या तलवारीचं पातं जेनच्या मानेशी आणते आणि तिथे थांबते. वाद संपला. निर्णय झाला. पण जेन ते मान्य करत नाही. थांबलेल्या शू लिएनच्या दंडावर ती वार करते. थिएटरात माझ्या शेजारची बाई त्या क्षणी मोठ्याने "शी!" म्हणाली. इतका वेळ तलवारी चालल्या होत्या तेव्हा ती काही बोलली नव्हती. हा वार त्यांतला सगळ्यांत मोठा नव्हता, पण तो नियमाबाहेरचा होता. म्हणजे मारामारी बघतानाही आपल्यातला न्यायाधीश जागा असतो, आणि तो हिंसेपेक्षा अन्यायावर जास्त चिडतो.

आणि वितंडा? ती हल्ली पुष्कळ चित्रपटांत दिसते. कॅमेरा हलतोय, दर क्षणाला तुकडा बदलतोय, कोण कुणाला मारतंय कळत नाही, फक्त आवाज मोठा. तिथे कुणाचाच पक्ष नसतो. अशा दृश्यातून उठल्यावर अंगावर थकवा राहतो, आठवणीत काही राहत नाही.

इथपर्यंत मी या चित्रपटांची वकिली केली. आता कबुली.

मी तिशीत होतो. नुकताच नोकरीला लागलो होतो, एका लहान गावात. संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन परत येताना बाजाराच्या कोपऱ्यावर दोन जण एका हातगाडीवाल्याला मारत होते. कारण मला अजून माहीत नाही. ते दृश्य चित्रपटासारखं अजिबात नव्हतं. विराम नव्हता, लय नव्हती. आवाजही वेगळा होता, ओलं पोतं आपटल्यासारखा. आणि तो माणूस हात वर करत नव्हता. उत्तर देत नव्हता. फक्त डोकं झाकत होता. सगळं मिनिटभरात संपलं. मी दहा पावलांवर उभा होतो. इतरही उभे होते. मी पुढे झालो नाही, ओरडलो नाही. ते दोघे निघून गेल्यावर आम्ही दोघा-तिघांनी त्याचे सांडलेले पेरू गोळा करून दिले. त्याने ते घेतले, पण आमच्याकडे बघितलं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मनात एकच विचार. इतके चित्रपट बघितले, त्या प्रत्येकात दुबळ्याला मारणाऱ्याच्या समोर कुणीतरी उभं राहिलं, आणि मी दर वेळी त्याच्या बाजूने टाळी वाजवली. मग आज काय झालं? पुढची काही वर्षं मी असा एकही चित्रपट बघितला नाही. मला वाटायचं, या चित्रपटांनी मला बघ्या केलं.

आज मला तसं वाटत नाही. अगदीच निर्दोषही वाटत नाही. चित्रपटाने मला भित्रा केलं नाही, तो मी होतोच. पण त्याने एक गैरसमज मात्र मनात ठेवला होता, की अन्यायाशी सामना म्हणजे असा काहीतरी असतो: दोन बाजू, मोकळी जागा, कसबाला वाव, आणि प्रत्येक वाराला उत्तर. बाजारातल्या त्या कोपऱ्यावर यातलं काहीच नव्हतं. खरी हिंसा बहुतेक वेळा अशीच असते, एकतर्फी. जिथे उत्तर येऊच शकत नाही तिथे ती घडते. तिथे कुंगफूची गरज नव्हती. एकाने "अरे, काय चाललंय?" असं ओरडायला हवं होतं, आणि मग बाकीचेही कदाचित ओरडले असते. एवढंच हवं होतं, आणि तेवढंही माझ्याकडून झालं नाही.

म्हणून आता मी असे चित्रपट बघतो तेव्हा त्यांच्याकडून धैर्याचे धडे मागत नाही. ते एक अशी जागा रचतात जिथे ताकद एकटी जिंकत नाही, शिकलेल्याचं चीज होतं, हरलेल्याला विचार करायला वेळ मिळतो आणि मेलेल्याच्या देहावर कुणीतरी त्याचा अंगरखा ठेवतं. ही जागा जगात फारशी सापडत नाही, म्हणून ती बघायची आपल्याला भूक असते. ही भूक वाईट नाही. फक्त त्या जागेतून बाहेर पडल्यावर रस्त्यावरच्या माणसाला ती समजायचं नाही.

माझी नात अकरा वर्षांची आहे, ज्युदो शिकते. पहिले कितीतरी दिवस तिला फक्त पडायला शिकवलं. नीट पडायचं कसं, डोकं कसं वाचवायचं. आणि सुरुवातीला आणि शेवटी समोरच्याला वाकून नमस्कार. आम्ही दोघं मिळून जुने चित्रपट बघतो. परवा कलोझियमचा तो प्रसंग बघताना तिने विचारलं, "आजोबा, तुम्हाला मारामारी आवडते?" मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "तुम्ही मार लागताना बघत नाही. तुम्ही ते थांबतात ना, तेव्हा पुढे सरकून बघता."

तुम्हीही पुढच्या वेळी स्वतःकडे लक्ष द्या. अशी मारामारी बघताना आपण नेमके कधी पुढे सरकतो? हाड मोडतं तेव्हा, की उत्तर सापडतं तेव्हा? पहिलं असेल तर आपल्यातला लिऑन्टियस जागा आहे, त्याला ओळखून ठेवा. आणि पडद्यावर किंवा मोबाइलवर समोर जो माणूस आहे त्याला उत्तर देण्याची काही सोयच नाही असं दिसलं, तर ते मनोरंजन नव्हे. तिथे प्रेक्षक म्हणून बसून राहू नका.

वेळ संपली. थांबतो.